द्राक्षमळ्यांच्या आधाराने उभे राहिलेले रुग्णालय

नोव्हेंबर महिन्याचा तिसरा रविवार आला की फ्रान्समधील बोन या लहानशा गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. देशोदेशींचे व्यापारी, हॉटेलवाले आणि हौशी लोक गावातील जुन्या बाजारगृहात दाटीवाटीने बसतात आणि द्राक्षासवाच्या, म्हणजे वाइनच्या, पिंपांचा लिलाव सुरू होतो. जुन्या रिवाजाप्रमाणे या लिलावात घड्याळ नसे. लहानशा मेणबत्त्या एकामागून एक पेटवीत आणि शेवटची ज्योत विझेपर्यंत ज्याची बोली सर्वांत चढी राहील, त्याचे पिंप होई. पुढे मेणबत्तीची ही प्रथा एका खास पिंपापुरती उरली. परंतु लिलाव मात्र तसाच गाजत राहिला आहे.

यात नवल ते काय, असे कोणीही विचारील. वाइनच्या मुलुखात वाइनचा लिलाव व्हायचाच. नवल आहे ते विकणाऱ्याचे. हे पिंप कोणा सरदाराचे नाही, कंपनीचे नाही, पेढीचेही नाही. ते एका रुग्णालयाचे आहे. गोरगरीब रुग्णांसाठी इ. स. १४४३ मध्ये स्थापन झालेल्या एका धर्मादाय संस्थेच्या मालकीचे हे द्राक्षमळे असून, त्यांचे उत्पन्न शतकानुशतके आजाऱ्यांच्या अंथरुणापांघरुणाला, अन्नाला आणि औषधाला लागत आले आहे. दाता मेला, त्याचा राजा मेला, ते राज्यही नकाशावरून पुसले गेले. पण दान चालू राहिले. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

बोन हे गाव बर्गंडी प्रांतात आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली टेकड्यांची एक लांब ओळ, तिच्या पूर्वेकडे तोंड केलेल्या उतारावर सकाळचे ऊन आणि पायाखाली चुनखडीची जमीन, अशी या भागाची ठेवण आहे. अशा जमिनीत द्राक्षवेल चांगला रुजतो. मध्ययुगात ख्रिस्ती मठांतील संन्याशांनी येथील एकेका वाफ्याची परीक्षा करून कोठे कोणते द्राक्ष उत्तम होते, याची जणू खानेसुमारीच केली होती. इ. स. १३९५ मध्ये तेव्हाच्या ड्यूकने गामे नावाच्या भरघोस पण हलक्या द्राक्षाची लागवड बंद करण्याचा हुकूम काढला आणि पिनो या नाजूक, कमी पिकणाऱ्या, पण उत्तम द्राक्षाला उत्तेजन दिले. थोडे पिकवावे, पण चोख पिकवावे, हा बर्गंडीचा धडा त्या काळापासूनचा आहे.

परंतु पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात या सुंदर प्रदेशाची दशा दारुण होती. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शंभर वर्षांचे युद्ध चालू होते आणि बर्गंडीचा ड्यूक इंग्रजांच्या बाजूला होता. इ. स. १४३० मध्ये जोन ऑफ आर्क हिला पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले, ते याच बर्गंडीच्या पक्षाने. पुढे इ. स. १४३५ मध्ये आरास येथे फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक यांच्यात तह झाला. पण तहाने सैनिकांच्या हातचे काम गेले, त्यांच्या हातातली तलवार मात्र गेली नाही. पगार थकलेल्या शिपायांच्या टोळ्या खेडोपाडी लूटमार करीत हिंडू लागल्या. त्या माणसाच्या अंगावरचे कपडेच काय, कातडेही सोलून नेतात, म्हणून लोकांनी त्यांना ‘सोलणारे’ असेच नाव ठेवले. शेते ओसाड पडली, दुष्काळ आला आणि दुष्काळापाठोपाठ साथीचे रोग आले. बोन गावातील बहुसंख्य कुटुंबे अन्नाला महाग झाली.

या वेळी ड्यूक फिलिप याच्या दरबारी निकोला रोलँ नावाचा मुख्य अमात्य होता. ओताँ गावच्या एका सामान्य नागरी घराण्यात सुमारे १३७६ साली जन्मलेला हा मनुष्य वकिलीच्या बळावर वर चढला. इ. स. १४२२ मध्ये तो अमात्यपदी आला आणि पुढे अनेक दशके बर्गंडीचा कारभार त्याच्याच मुठीत राहिला. आरासचा तह घडवून आणण्यात त्याचा मोठा हात होता. कारभारात त्याने अमाप संपत्तीही जोडली. यान व्हान आयक या थोर चित्रकाराने मरियामातेपुढे गुडघे टेकलेले त्याचे जे चित्र काढले, ते आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्या चित्रातील चेहऱ्यावर भक्ती आहे. पण हिशेब विसरणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हे.

४ ऑगस्ट १४४३, रविवार. त्या दिवशी रोलँने आपली तिसरी पत्नी गिगोन द सालँ हिच्यासह दानपत्र केले. आपण ऐहिक चिंता बाजूला ठेवून आत्म्याच्या तारणाचा विचार करीत आहोत. देवकृपेने लाभलेल्या नाशवंत संपत्तीच्या मोबदल्यात आपणास स्वर्गीय, अविनाशी संपत्ती मिळवावयाची आहे, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. दानपत्राची ही भाषा सौद्याची भाषा आहे, आणि ती लपविण्याचा त्याने प्रयत्न केलेला नाही. इमारत उभी राहीपर्यंतही गरिबांनी वाट पाहू नये, म्हणून त्यांना दररोज दाराशी पांढरा पाव वाटावा, अशी तजवीज त्याने केली. भुकेल्याला पायाभरणीचा समारंभ उपयोगी पडत नाही, हे या हिशेबी माणसाला बरोबर ठाऊक होते.

त्याच्या शत्रूंना हे दान मानवले नाही. इतक्या लोकांना ज्याने जन्मभर गरीब केले, त्याने त्यांच्यासाठी एक आसरा बांधावा हे योग्यच झाले, असा टोमणा फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या तोंडी घातला जातो. टोमणा खरोखर राजाचा असो वा नसो, तो इतकी वर्षे टिकला यातच त्याचे मर्म आहे. दात्याचे हात स्वच्छ नसतील तर दानाचे मोल काय, हा प्रश्न प्रत्येक काळात विचारला जातो. बोनच्या रुग्णालयाने त्याचे उत्तर तर्काने दिले नाही; ते त्याने खाटा मांडून दिले.

या वास्तूला फ्रेंच भाषेत ‘ओतेल-द्यू’, म्हणजे देवाचे घर, असे म्हणतात. रस्त्यावरून पाहिले तर काळ्या पाटीच्या दगडाचे उंच, गंभीर छप्पर तेवढे दिसते. दार ओलांडून आतल्या चौकात यावे, तो डोळे दिपून जातात. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी छपरावर गालिच्यासारखी पसरलेली आहे. आज दिसणारी ही कौले विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने बसविलेली आहेत. थाट राजवाड्याचा आहे. पण राजवाड्यात मुख्य दालन राजाचे असते, येथे मुख्य दालन दरिद्री रुग्णांचे आहे.

‘गरिबांचे दालन’ हेच त्याचे नाव. ते सुमारे ५० मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि १६ मीटर उंच आहे. वरचे लाकडी छत उलट्या घातलेल्या जहाजाच्या तळासारखे असून ते रंगवलेले आहे. दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेला पडदे, आणि दालनाच्या टोकाशी वेदीसह प्रार्थनामंदिर. मध्ये पक्की भिंत नाही. ज्या रुग्णाला उठवत नाही, त्याला अंथरुणावरूनच मिस्सा ऐकता यावी, अशी ही योजना. आरंभी तीसेक खाटा होत्या आणि गर्दीच्या वेळी एका खाटेवर दोघेदोघे निजत. आजच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळी थंडीच्या रात्री गरिबाच्या घरी सारे कुटुंबच एका अंथरुणावर निजत असे. इमारतीखालून बुझेझ नावाची नदी वाहते. दालनातील घाण वाहत्या पाण्यात जाई. जंतूंचे ज्ञान व्हावयास आणखी चार शतके होती, तरी रुग्णाजवळ घाण साचू देऊ नये एवढे शहाणपण बांधणाऱ्यांपाशी होते.

३१ डिसेंबर १४५१ रोजी प्रार्थनामंदिराचे पवित्रीकरण झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १४५२ रोजी, पहिला रुग्ण दाखल झाला. शुश्रूषेसाठी आरंभी फ्लँडर्सकडून भगिनी आणविल्या होत्या. त्यांची शिस्त फार कडक ठरली आणि कुरबुरी झाल्या. तेव्हा रोलँने इ. स. १४५९ मध्ये नवे नियम केले आणि पोप दुसरे पायस यांनी त्यांना मान्यता दिली. या नियमांतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या भगिनींना जन्मभराच्या व्रताने बांधलेले नव्हते. ज्या स्त्रीचे मन सेवेत रमणार नाही, तिला निघून जाण्याची मोकळीक होती. मनाविरुद्ध केलेली सेवा रुग्णाच्या अंगी लागत नाही, हे तत्त्व येथे पाचशे वर्षांपूर्वीच मान्य झाले होते.

प्रार्थनामंदिराच्या वेदीवर रोलँने रोजिए व्हान डेर वेडेन या चित्रकाराकडून एक भव्य चित्र करवून घेतले. अनेक फळ्यांवर रंगवलेल्या या चित्राचा विषय आहे शेवटचा न्याय. मधोमध देवदूत मिखाएल हाती तराजू घेऊन उभा आहे. पापांचे पारडे खाली गेले आहे, पुण्याचे वर उचलले आहे. हे पाहून रुग्णांच्या छातीत धडकी भरत असेल. पण ते नित्य दिसत नसे. रविवारी आणि सणाच्या दिवशी तेवढ्या फळ्या उघडीत. इतर दिवशी बाहेरची बाजू दिसे. तेथे गुडघे टेकलेले रोलँ पतिपत्नी आहेत आणि साथीच्या व त्वचादाहाच्या रोगांत ज्यांचा धावा करीत ते संत सबास्तियन आणि संत अंतोनी आहेत. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस अमात्यसाहेब आपल्या दरिद्री पाहुण्यांसमोर गुडघे टेकूनच असत.

आता मुख्य प्रश्न उरतो तो पैशाचा. इमारत एकदा बांधली की झाली. पण चूल रोज पेटवावी लागते. रुग्णालयाला दरवर्षी हजार लिव्र मिळत राहावेत, म्हणून रोलँने सालँ येथील मिठाच्या उत्पन्नावर नेमणूक करून दिली. सालँ हे गिगोनच्या घराण्याच्या नावाचे गाव. तेथे जमिनीखालून खारे पाणी उपसून ते लाकडांच्या जाळावर उकळीत आणि मीठ काढीत. मीठ त्या काळी सोन्यासारखेच होते. मीठ नसेल तर हिवाळ्यासाठी मांस टिकत नसे. अशा मालावरची नेमणूक म्हणजे कधी न आटणारा झरा, असे कोणालाही वाटले असते.

आणि तरीही रुग्णालयाला पिढ्यान्‌पिढ्या तारले ते मिठाने नव्हे. तारले ते द्राक्षमळ्यांनी, आणि तेही रोलँने दिलेल्या नव्हे. इ. स. १४५७ मध्ये गिलमेत लव्हर्निए नावाच्या एका स्त्रीने रुग्णालयाला द्राक्षमळा दान केला. ती काही अमात्याची पत्नी नव्हती. तिच्यामागून इतर दाते आले. कोणी एक तुकडा दिला, कोणी दोन. कोणी आजारात झालेल्या सेवेची उतराई म्हणून दिला, कोणी मृत आईच्या वा मुलाच्या स्मरणार्थ, कोणी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून. आपल्याकडे देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमिनीचा तुकडा लावून देण्याची चाल होती, तशीच ही चाल. फरक इतकाच की येथे तेल देवापुढच्या समईत न पडता रुग्णाच्या उशाशी जळत होते.

द्राक्षमळाच का दिला, याची कारणे उघड आहेत. रोकड खर्च होते आणि नाण्याची किंमत उतरते. ठरीव रकमेची नेमणूक शंभर वर्षांनी तुटपुंजी ठरते. धान्याचे शेत पोट भरील, पण फारसे शिलकीत टाकणार नाही. द्राक्षवेल मात्र एकदा रुजला की अनेक वर्षे फळतो आणि त्याच्या रसाला येणारा भाव जगाच्या भावाबरोबर चढत जातो. बर्गंडीच्या उतारावर त्यापेक्षा भरवशाची ठेव दुसरी नव्हती.

शिवाय वाइन ही त्या काळी केवळ चैनीची वस्तू नव्हती. विहिरींचे पाणी बहुधा दूषित असे. अशक्त रुग्णाला थोडी वाइन देत, जखमा तिने धूत आणि औषधी मुळ्या तिच्यात भिजवीत. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी वाटेवर पडलेल्या घायाळाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, ही कथा प्रत्येक भगिनीला पाठ होती. अर्थात त्या काळच्या औषधशास्त्राची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ओतेल-द्यूच्या औषधशाळेत अठराव्या शतकातील चिनी मातीच्या बरण्या आजही ओळीने मांडल्या आहेत. काजऱ्याच्या बियांबरोबरच लाकडाखाली राहणाऱ्या किड्यांची पूड हेही त्या काळी औषध होते. रुग्ण बरा होई तो पुष्कळदा स्वच्छ अंथरूण, ऊब, विसावा आणि पोटभर अन्न यांमुळेच. स्वयंपाकघरात इ. स. १६९८ मध्ये बसविलेले मांस भाजण्याचे एक यंत्र आहे. घड्याळाच्या चाकांवर चालणाऱ्या त्या यंत्राजवळ एक छोटा बाहुला असून तोच सळई फिरवतो आहे असा भास होतो. आजाऱ्यांच्या घरात कोणाला तरी विनोदही सुचत होता, हे पाहून बरे वाटते.

सतराव्या शतकात संस्थेचा विस्तार झाला. इ. स. १६४५ मध्ये संत ह्यूग यांच्या नावाचे एक नवे दालन झाले. त्याच साली आंत्वान रूसो आणि त्याची पत्नी बार्ब देलांद यांनी गावात अनाथ मुलांसाठी एक वेगळा आश्रम काढला. हा आश्रम आणि ओतेल-द्यू पुढे एका व्यवस्थेखाली आले आणि त्या दोघांची मिळून ‘ओस्पिस द बोन’ ही संस्था झाली. रूसो-देलांद हे जोडनाव आजही एका वाइनला दिलेले आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस राज्यक्रांतीचे वादळ आले. धर्मसंस्थांच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि लिलावाने विकल्या गेल्या. बोनपासून जवळच असलेला क्लो द व्हूजो हा सिस्तेर्सियन संन्याशांचा विख्यात मळा इ. स. १७९१ मध्ये त्यांच्या हातून गेला. इ. स. १७९४ च्या कायद्याने रुग्णालयांच्या मालमत्तेवरही सरकारचा हात पडला. परंतु आजाऱ्यांना रस्त्यावर ठेवणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. दोनच वर्षांत, इ. स. १७९६ मध्ये, विकल्या न गेलेल्या मिळकती रुग्णालयांना परत देण्यात आल्या. प्रार्थनेसाठी दिलेली जमीन गेली, शुश्रूषेसाठी दिलेली राहिली. बर्गंडीतील मठांचे मळे आज शेकडो मालकांत वाटले गेले आहेत; बोनच्या रुग्णालयाचे मळे मात्र त्याच्याच नावावर आहेत.

मळे टिकले, तरी माल खपला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशी वेळ आली होती की वाइनची पिंपे तळघरात पडून राहू लागली. तेव्हा जोसेफ पेतास नावाचा संस्थेचा कारभारी स्वतः गिऱ्हाइके शोधीत परदेश हिंडला आणि त्याने माल खपवला. या धडपडीतूनच जाहीर लिलावाची पद्धत स्थिर झाली. इ. स. १८५९ पासून हा लिलाव नियमाने होऊ लागला. शनिवारी रात्री क्लो द व्हूजो येथे मेजवानी, रविवारी बोनचा लिलाव आणि सोमवारी मर्सो गावी मळेवाल्यांचे सहभोजन, असे त्याचे तीन दिवसांच्या उत्सवात रूपांतर झाले आहे.

लिलावात विकली जाते ती तयार वाइन नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. द्राक्षांची तोडणी साधारणपणे सप्टेंबरात होते. नोव्हेंबरात पिंपात असते ती जेमतेम दोन महिन्यांची, कोवळी, तुरट वाइन. एका पिंपात २२८ लिटर वाइन, म्हणजे सुमारे ३०० बाटल्यांचा माल मावतो. खरेदीदार ते पिंप नेतो, आपल्या तळघरात वर्ष-दीड वर्ष वा अधिक काळ मुरवतो आणि मग बाटल्या भरतो. म्हणून या लिलावात दर वर्षी बोली लागते ती वस्तूवर नव्हे, तिच्या भविष्यावर. बर्गंडीतील त्या सालच्या वाइनला काय भाव येणार, याचा अंदाज व्यापारी याच लिलावावरून बांधीत आले आहेत.

प्रत्येक वाइनला दात्याचे नाव देण्याची प्रथा आहे. एक निकोला रोलँच्या नावाची, एक गिगोन द सालँच्या, एक शुश्रूषा करणाऱ्या भगिनींच्या. डॉक्टर पेस्त यांच्या नावाचीही एक वाइन आहे. डॉक्टरांच्या मुलीने इ. स. १९२४ मध्ये तो मळा दिला. इ. स. १९७६ मध्ये एका मुलाने मादलेन कोलिन्यों या आपल्या आईच्या स्मरणार्थ मळा दिला. म्हणजे दानाची ही साखळी मध्ययुगात संपली नाही. दात्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले की ते चुना लावून झाकले जाते किंवा विसरले जाते. येथे ते दरवर्षी नव्या बाटलीवर छापले जाते.

हे उत्पन्न बिनकष्टाचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. इ. स. १८७८ मध्ये फायलॉक्सेरा नावाची मुळे शोषणारी सूक्ष्म कीड बर्गंडीत शिरली आणि वेल उभ्याउभ्या वाळू लागले. शेवटी अमेरिकेतील कणखर द्राक्षाच्या खुंटावर बर्गंडीच्या वेलाचे कलम बांधून लागवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. इ. स. १९६८ मध्ये हवामानाने असा घात केला की वाइन लिलावात मांडण्याच्या लायकीचीही नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये कोवळे फुटवे थंडीने गोठले आणि पिंपांची संख्या साडेतीनशेच्या आसपास आली. पुढच्याच वर्षी ती ८०२ झाली. संस्थेचे मळे सुमारे ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकरांच्या जवळपास आहेत आणि वीस-बावीस मळेकऱ्यांमध्ये त्यांची निगा वाटून दिलेली आहे. ऐन हिवाळ्यात बोटे बधिर होत असताना एकेका वेलाची छाटणी हातानेच करावी लागते. रुग्णालयाच्या हिशेबवहीत जमा दिसते ती या हातांची.

बोन हे असे एकमेव ठिकाण नव्हे. जर्मनीत व्ह्यूर्त्सबुर्ग येथे चौदाव्या शतकात स्थापन झालेले नागरिकांचे रुग्णालय आणि १५७६ साली बिशप युलियुस यांनी काढलेले दुसरे रुग्णालय, या दोन्ही संस्थांचे द्राक्षमळे आजही प्रसिद्ध आहेत. मोझेल नदीकाठी कूस येथे कार्डिनल निकोलाउस यांनी १४५८ साली ख्रिस्ताच्या आयुष्याची वर्षे लक्षात घेऊन ३३ वृद्धांसाठी आश्रम स्थापला आणि त्यालाही द्राक्षमळे लावून दिले. स्ट्रासबुर्गच्या रुग्णालयाखालचे वाइनचे तळघर १३९५ सालचे असून १४७२ सालच्या वाइनचे एक पिंप तेथे जपून ठेवले आहे. द्राक्ष जेथे पिकते तेथे त्याने रुग्णालयाचा भार उचलावा, हा त्या काळचा रूढ विचार होता. बोनने तो सर्वांत अधिक गाजवला, इतकेच.

ओतेल-द्यूमधील खाटांवर रुग्ण ठेवण्याची प्रथा १९७१ सालापर्यंत चालू होती. त्यानंतर वैद्यकीय सेवा गावातील नव्या, आधुनिक रुग्णालयात गेली आणि जुनी वास्तू संग्रहालय झाली. लिलावाचा पैसा नव्या रुग्णालयाच्या यंत्रसामग्रीला व इमारतींना आणि जुन्या वास्तूच्या जपणुकीला लागतो. याशिवाय १९७८ पासून दर लिलावात एक पिंप वेगळे काढून त्याची सारी किंमत बाहेरच्या सत्कार्यांना देण्याची प्रथा पडली. २०२२ साली अशा एका पिंपाला ८ लक्ष १० हजार युरो आले.

येथे एक शंका मनात येते आणि ती रास्त आहे. मद्य माणसाची घरे मोडते, यकृत नासवते. त्याच मद्याच्या पैशावर रुग्णालय चालवणे कितपत शोभते? बोनच्या रुग्णालयाला आपल्या एखाद्या खाटेवर असाही रुग्ण मिळत असेल की ज्याला तेथे आणणारी वस्तू बाटलीतूनच आलेली असावी. ही विसंगती खोटी नाही, आणि प्राचीनतेमुळे ती पवित्रही ठरत नाही. एवढेच म्हणता येईल की या जगात निष्कलंक पैसा दुर्मिळ आहे. अमात्याचा पैसा निष्कलंक नव्हता आणि मिठाचाही नव्हता. गरिबाच्या ताटातील मिठावर कर बसवूनच राजांनी आपले खजिने भरले. तेव्हा पैसा कोठून आला याची चौकशी अवश्य करावी, पण तो कोठे जातो आणि नियमाने जातो की नाही, याचीही चौकशी तितकीच करावी. बोनच्या संस्थेने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पावणेसहाशे वर्षे दिले आहे.

रोलँ इ. स. १४६२ मध्ये वारला. गिगोन त्याच्या मागे आठ वर्षे जगली आणि १४७० साली तिचा अंत झाला. तिला रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरातच पुरले. फरशीवरच्या विटांवर एक तारा आणि ‘एकुलती’ अशा अर्थाचा शब्द आजही दिसतो. पत्नीविषयीच्या निष्ठेची ही खूण रोलँने जागोजाग उमटवून ठेवली आहे. त्याने जिच्यावर सर्वांत अधिक भिस्त ठेवली ती सालँची मिठाची नेमणूक मात्र आज नाही. सालँचा तो मिठाचा कारखाना १९६२ साली बंद पडला आणि आता तेथे लोक संग्रहालय पाहावयास जातात.

झरा आटला; वेल राहिला. झऱ्याला फक्त उपसायचे असते. वेलाला दरवर्षी छाटावे लागते, बांधावे लागते, म्हातारा झाला की उपटून त्या जागी नवा लावावा लागतो. बोनच्या मळ्यांत आज पंधराव्या शतकातील एकही वेल उभा नाही. उभे आहे ते लावणाऱ्यांचे आणि देणाऱ्यांचे सातत्य. धर्मादाय संस्था चिरकाल टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी दात्याच्या पुतळ्यासाठी चौथरा शोधण्यापूर्वी पुढल्या हिवाळ्यात छाटणीला कोण येणार, हे आधी विचारलेले बरे.